कोडातले अलिखित नियम

मुळशी म्हटले की बाहेरच्या माणसाला धरण आठवते, जुन्या पिढीला सेनापती बापट आणि १९२१ साली सुरू झालेला सत्याग्रह, आणि तरुणांना २०१८ चा 'मुळशी पॅटर्न'. या तालुक्याच्या पूर्वेच्या कडेला हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे आहेत. तिथल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये नाव काढलेल्या कंपन्यांच्या कागदोपत्री पत्त्यातही 'माण, तालुका मुळशी' असे छापलेले सापडते. या इमारतींत रोज जे तयार होते ते टेम्पोत भरता येत नाही की गोदामात रचून मोजता येत नाही, त्यामुळे त्याच्या दर्जाविषयी चारचौघांत बोलणेही होत नाही. हिंजवडीवर अग्रलेख म्हणजे वाहतूक कोंडी, तुंबलेले पाणी आणि मेट्रो हे ठरून गेले आहे. आज ते तिन्ही बाजूला ठेवून या इमारतींच्या आतल्या एका गोष्टीकडे पाहू.

इथल्या कामात 'केटी' नावाचा एक विधी असतो. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. कुणी नोटीस पिरिअडवर गेले, किंवा परदेशी क्लायंटने आपली जुनी प्रणाली सांभाळायला इथल्या टीमकडे दिली, की जाणारा माणूस येणाऱ्याला समोर बसवून सगळे समजावतो. कोणती फाइल काय करते, सर्व्हर कुठे आहे, रात्रीचा जॉब किती वाजता सुटतो, हे सगळे सांगून होते. सुटते ते वेगळेच. पडद्यासाठी लिहिलेल्या कोडने डेटाबेसला थेट हात लावायचा नाही, मधल्या थराला विचारायचे. पैशाची रक्कम फ्लोटमध्ये ठेवायची नाही. वेळ साठवायची ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, भारतीय वेळ फक्त दाखवताना. हे त्या प्रणालीच्या रचनेचे नियम. जुन्या माणसाच्या ते इतके अंगवळणी पडलेले असतात की सांगायचे सुचतच नाही, आणि नव्या माणसाला असे काही विचारायचे असते हेच ठाऊक नसते.

यातला रकमेचा नियम बाहेरच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. संगणक फ्लोट प्रकारची संख्या द्विमान पद्धतीत ठेवतो आणि त्या पद्धतीत ०.१ ही साधी संख्यासुद्धा तंतोतंत बसत नाही. अनेक प्रोग्रॅमिंग भाषांत ०.१ आणि ०.२ ची बेरीज छापून पाहिली तर ०.३०००००००००००००००४ असे उत्तर येते. एका व्यवहारात हा फरक दिसणारही नाही. लाखो खात्यांचे व्याज काढताना आणि वर्षअखेरीला ताळा जुळवताना मात्र तो पैशापैशाने वर येतो, आणि मग कुणीतरी रात्रभर बसून शोधतो की हे पैसे गेले कुठे.

हे नियम राहतात तरी कुठे? थोडे अंतर्गत विकीवरच्या एखाद्या पानावर, ज्याची शेवटची दुरुस्ती तीन टीम लीडपूर्वी झालेली असते. उरलेले सीनियर माणसाच्या डोक्यात. तो रिव्ह्यूला बसलेला असतो तोवर नियम पाळले जातात, कारण चूक दिसली की तो पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मुख्य कोडात घेण्याची विनंती, परत पाठवतो. तो रजेवर असतो त्या शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटला घाई असते, पडद्याच्या कोडातून डेटाबेसला एक छोटी हाक मारली जाते, आणि ती चालतेही. पुढच्या महिन्यात दुसरा कुणी तीच ओळ पाहून तसेच करतो, कारण नव्या माणसासाठी आधीचा कोड हाच नियम असतो. ड्यूएन पेरी आणि अलेक्झांडर वुल्फ या संशोधकांनी १९९२ च्या आपल्या लेखात या प्रकाराला झीज हाच शब्द वापरला होता. रचना एका दिवसात मोडत नाही, ती झिजते. दोन वर्षांनी डेटाबेस बदलायची वेळ आली की कळते, मधला थर नुसता नावाला उरला आहे.

यावर उपाय यंत्राने तपासण्याचा, आणि तो नवा नाही. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास सी भाषेतला कोड चाळून संशयास्पद जागा दाखवणारा 'लिंट' हा प्रोग्रॅम लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटणारी बारीक लव. कापड चांगले, पण ही लव झटकायला हवी, असा त्या नावाचा रोख. पुण्यालाही हा विषय परका नाही. टाटांचे टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र इथे १९८१ पासून आहे, आणि प्रोग्रॅम न चालवता त्याचे दोष शोधण्यावर तिथे दीर्घकाळ काम झाले आहे. तिथल्या संशोधकांच्या 'व्हेरिअ‍ॅब्ज' या साधनाने सॉफ्टवेअर पडताळणीच्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका मुख्य गटात पहिला क्रमांक मिळवला होता. तपासणाऱ्या यंत्राची वानवा नाही.

अडते ते नियम लिहिण्यापाशी. तयार साधनांबरोबर येणारे शेकडो नियम सगळ्या जगासाठी असतात: न वापरलेले व्हेरिएबल, न बंद केलेली फाइल, रिकामा कॅच. ते उपयोगी आहेत, पण तुमच्या प्रणालीत पडदा कोणता आणि मधला थर कोणता हे त्यांना कळायला मार्ग नाही. तो नियम तुम्हालाच लिहावा लागतो. परंपरेने तो कसा लिहायचा? साधन तुमच्या कोडाचे आधी एक झाड करते. वाक्यातले कर्ता, कर्म, क्रियापद वेगळे काढून पाटीवर पृथक्करण मांडावे तसेच. प्रत्येक फंक्शनची हाक, प्रत्येक नाव, प्रत्येक कंस ही त्या झाडाची एकेक गाठ. मग तुम्ही त्या झाडावर फिरणारा वेगळा प्रोग्रॅम लिहायचा, हव्या त्या गाठीपाशी थांबायचे, हे नाव कुठून आले ते मागे जाऊन शोधायचे आणि तक्रार नोंदवायची. तोंडाने एका वाक्यात सांगता येणारा नियम लिहायला पानभर कोड आणि दोन दिवस जातात, आणि ज्याला त्या झाडाची ओळख आहे असा माणूस टीममध्ये एखादाच असतो. बाकीचे विकीचे पान लिहून मोकळे होतात. आळस म्हणून त्यांना दोष देणे सोपे आहे. आमच्या मते दोष साधनाचा आहे.

लिनक्स कर्नलच्या मंडळींनी यातून एक चांगली वाट काढली. फ्रान्समधल्या संशोधकांनी तयार केलेल्या 'कॉक्सिनेल' या साधनात नियम लिहायचा तो कर्नलवाल्यांच्या रोजच्या पॅचसारखाच दिसतो. काढायच्या ओळीपुढे वजा, घालायच्या ओळीपुढे अधिक, आणि मध्ये काहीही असो असे म्हणायला तीन टिंबे. ज्यांनी आयुष्यभर पॅच वाचले त्यांना वेगळी भाषा शिकावी लागली नाही. असे नियम आता कर्नलच्या कोडाबरोबरच ठेवलेले असतात आणि एका आज्ञेने चालतात. पुढे आलेल्या 'सेमग्रेप'नेही हीच चाल धरली: ज्या कोडाला बंदी घालायची तो कोडच लिहायचा, जिथे काहीही चालेल तिथे टिंबे द्यायची, संपला नियम. जावावाल्यांसाठी 'आर्कयुनिट' आहे. त्यात पडद्याच्या पॅकेजमधल्या कोणत्याही क्लासने डेटाबेसच्या पॅकेजमधल्या क्लासला हात लावू नये, हे जवळजवळ बोलल्यासारखे जावातच लिहिता येते. शिवाय तो नियम बाकीच्या टेस्टच्या शेजारी बसतो आणि त्यांच्याबरोबरच चालतो. त्यात 'कारण' लिहायचीही सोय आहे. नियम मोडला की यंत्र ते कारण छापते. आम्हाला ही सोय बाकी सगळ्या सोयींपेक्षा मोलाची वाटते. रिव्ह्यूत सीनियर माणूस 'असे करू नको' म्हणून थांबत नाही, का ते सांगतो. नवा माणूस घडतो तो त्या 'का'मुळे. यंत्राने नुसती लाल फुली मारली तर तो फुली चुकवायला शिकेल.

पण नियमाची भाषा सोपी केली की काम झाले असे नाही. रकमेचाच नियम पुन्हा घ्या. 'रक्कम फ्लोटमध्ये नको' हे यंत्राला सांगायला गेले तर ते विचारणार, रक्कम म्हणजे कोणती? तुमच्या कोडात वजन, टक्केवारी, तापमान आणि रुपये हे सगळे एकाच प्रकारच्या संख्येत ठेवले असतील तर त्यातले रुपये कोणते हे यंत्राला कोण सांगणार? व्हेरिएबलचे नाव पाहून ताडता येईल, पण एकाने त्याला 'अमाउंट' म्हटलेले असते आणि दुसऱ्याने नुसते 'ए'. रुपयांसाठी वेगळा प्रकार केला, म्हणजे रक्कम ही कोडात नावानिशी वेगळी वस्तू झाली, की तोच नियम एका ओळीचा होतो. म्हणजे नियम सोपा व्हायचा तर निम्मे काम साधनाचे आणि निम्मे रचनेचे आहे. कोडात जे नावाने दिसत नाही ते यंत्र तपासू शकत नाही.

घर बांधलेल्या वाचकाला हे लगेच पटेल. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. सामासिक अंतर किती, चटईक्षेत्र किती, जिन्याची रुंदी किती, सगळे त्यात आकड्यांत आहे. आकड्यांत आहे म्हणून ते संगणकाला तपासता येते. पुण्याच्याच सॉफ्टटेक इंजिनिअर्स या कंपनीची 'ऑटोडीसीआर' ही प्रणाली कॅडमध्ये काढलेला नकाशा वाचून तो नियमांत बसतो की नाही हे सांगते. मात्र तिची एक अट असते. नकाशा ठरवून दिलेल्या लेअरमध्येच काढलेला हवा: भूखंडाची हद्द एका लेअरवर, बांधकामाची रेषा दुसरीवर, खोल्या तिसरीवर. सगळ्या रेषा एकाच लेअरवर काढल्या तर माणसाच्या डोळ्याला तो नकाशा तसाच दिसतो, पण यंत्राच्या लेखी ती नुसती रेघोट्यांची जाळी. वास्तुविशारदांना लेअरची ही शिस्त लावून घ्यावी लागली, तेव्हा कुठे तपासणी यंत्राकडे देता आली. सॉफ्टवेअरवाल्यांनी पॅकेजची नावे, प्रकारांची नावे, थरांची नावे यांना हीच शिस्त लावायला हवी. (हिंजवडीकरांना आणखी एक गोष्ट माहीत असेल. एमआयडीसीची क्षेत्रे या एकत्रित नियमावलीतून वगळलेली आहेत. म्हणजे पार्कच्या कुंपणाच्या आत एक नियमपुस्तक आणि बाहेर गावात दुसरे. प्रत्येक नियमाला 'कुठे लागू' हे लिहावेच लागते, हे मुळशीत वेगळे शिकवायला नको.)

प्रत्येक नियम यंत्राला तपासता येईल का? येणार नाही, आणि हे सर्वांत प्रामाणिकपणे मोटारीच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी कबूल केले आहे. माणमध्ये नोंदणीकृत कार्यालय असलेल्या केपीआयटीसारख्या कंपन्या ज्या क्षेत्रात काम करतात, तिथे 'मिस्रा सी' ही नियमावली सर्वमान्य आहे. ब्रिटनमधल्या मोटार उद्योगाच्या संघटनेने ती १९९८ मध्ये काढली तेव्हा तिच्यात १२७ नियम होते. २०१२ च्या आवृत्तीत १४३ नियम आणि १६ निर्देश आहेत, आणि नियम व निर्देश ही वेगळी वाटणी मुद्दाम केलेली आहे. निव्वळ कोड पाहून जे तपासता येईल तो नियम. तपासायला कोडाबाहेरचे कागद किंवा माणसाचा निर्णय लागेल तो निर्देश. उदाहरणार्थ, कोडाचा प्रत्येक भाग लेखी मागणीपर्यंत मागे नेता आला पाहिजे. नियमांतही पुन्हा दोन जाती. काहींचे उत्तर यंत्राला दर वेळी हो किंवा नाही असे देता येते, जसे 'गोटू' वापरलेला आहे का. काहींचे तत्त्वतःच देता येत नाही, जसे कोडाचा एखादा तुकडा कधीच चालणार नाही का. यात साधन कमी पडते असे नाही, संगणनशास्त्राची ती सिद्ध झालेली मर्यादा आहे. आपल्या टीमच्या नियमांची अशी वाटणी कुणी करत नाही. विकीच्या त्याच पानावर 'फ्लोट वापरू नका' आणि 'कोड वाचनीय ठेवा' हे एकाखाली एक बसलेले असतात. पहिला यंत्राकडे द्यावा. दुसरा रिव्ह्यूतल्या माणसाकडेच राहील, आणि पहिला हातातून गेल्यामुळे त्या माणसाला दुसऱ्याकडे पाहायला वेळ मिळेल.

यंत्राने खोट्या हाका मारल्या तर काय होते हेही अनुभवाने ठरलेले आहे. गूगलने आपल्या अंतर्गत तपासणी साधनांविषयी जे प्रसिद्ध केले त्यात एक अट ठळक आहे: तपासणीच्या दहा इशाऱ्यांत एकापेक्षा जास्त निरुपयोगी निघता कामा नये. निरुपयोगी कशाला म्हणायचे हे साधन लिहिणारा ठरवत नाही, इशारा वाचणारा डेव्हलपर ठरवतो. त्याला तसे कळवायला बटणही दिलेले असते. आमच्याकडे उलटे चालते. साधन विकत घेतले जाते, त्याचे सगळे नियम एका दिवशी सुरू केले जातात, जुन्या कोडावर हजारो इशारे येतात, आणि पंधरा दिवसांत टीम ते दडपायची टिप्पणी कॉपी-पेस्ट करायला शिकते. डॅशबोर्ड हिरवा होतो. क्लायंटला दाखवण्यापुरते ते बरे दिसते, पण ते कुणी गंभीरपणे घेऊ नये. 'आर्कयुनिट'मध्ये जुनी उल्लंघने गोठवायची सोय आहे: आज जी आहेत ती नोंदवून ठेवायची, त्यांवर ओरडायचे नाही, नवे एकही येऊ द्यायचे नाही, आणि जुने एखादे दुरुस्त झाले की ते यादीतून कायमचे कमी करायचे. पंधरा वर्षे जुन्या प्रणाली सांभाळणाऱ्या टीमसाठी याहून शहाणपणाची सुरुवात आम्हाला दिसत नाही.

आता पैशाचा प्रश्न, कारण तो टाळून हिंजवडीविषयी बोलण्यात अर्थ नाही. इथले बरेचसे काम माणसाच्या तासांवर विकले जाते. नियम लिहायला लागलेले चार तास कोणत्या टास्कवर टाकायचे? क्लायंटने मागितलेल्या फीचरच्या यादीत ते नसतात, म्हणून ते लिहिले जात नाहीत. पण तीच चूक रिव्ह्यूत महिन्यातून तीनदा पकडायला, नंतर प्रॉडक्शनमधून शोधायला आणि नव्या माणसाला पुन्हा शिकवायला जाणारे तास कुठल्या ना कुठल्या टास्कवर पडतातच. फक्त ते वेगवेगळ्या नावांनी पडतात म्हणून एकत्र दिसत नाहीत. माणसे जिथे दोन-तीन वर्षांत कंपनी बदलतात तिथे अनुभवी माणसाच्या डोक्यावर भिस्त ठेवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. नियम लिहिण्याचे काम अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर दाखवावे, आणि करारातही लिहावे की केटीत कोडाबरोबर हे नियमही सुपूर्द होतील.

कोड लिहिणाऱ्या एआयमुळे हे आणखी निकडीचे झाले आहे. असे साधन मिनिटात शंभर ओळी लिहून देते, आणि त्या बऱ्याचदा शेजारच्या कोडाची नक्कल असतात. शेजारी झीज झालेली असेल तर तिचीही नक्कल. रिव्ह्यू करणाऱ्याचे डोळे मात्र पूर्वीइतकेच आहेत. हेच साधन नियम लिहायलाही मदत करते हे खरे. तोंडी वाक्य दिले की ते नियमाचा मसुदा देते आणि झाडाची ओळख नसलेल्या माणसाचीही वाट त्यामुळे मोकळी होते. पण मसुदा बरोबर आहे की नाही हे ठरवायला नियमासोबत दोन उदाहरणे हवीतच: एक पकडला जावा असा कोड आणि एक सुटावा असा. ही उदाहरणे प्रणाली ओळखणाऱ्या माणसानेच द्यायची. उदाहरणांवाचूनचा नियम आम्ही तरी मर्ज करू देणार नाही.

तेव्हा टीम लीडना एक विनंती. पुढच्या सोमवारी गेल्या तीन महिन्यांचे रिव्ह्यू उघडा आणि जो शेरा तुम्ही सर्वांत जास्त वेळा मारला आहे तो एकच निवडा. तो कोडाकडे पाहून तपासता येण्यासारखा असेल तर टीममधल्या सर्वांत नव्या माणसाला बसवून त्याचा नियम करा, कारणासह, दोन उदाहरणांसह, जुनी उल्लंघने गोठवून. लिहिताना तो कुठे अडला ते टिपून ठेवा. तुमच्या कोडात नावे कुठे द्यायची राहिली आहेत ते तिथेच कळेल. आणि जो वाचक लवकरच केटीला बसणार आहे, त्याने समोरच्याला फाइलींची यादी विचारण्याआधी विचारावे, तुमच्या नियमांचे फोल्डर कुठे आहे?